घरातली नववी

“तुमची नात कितवीत हो आता?” आमच्या भिशीत हा प्रश्न कुणी ना कुणी विचारायचंच. गेली दोन वर्षं मी आधी “सातवीत” आणि मग “आठवीत, छान चाललंय” असं सांगून घाईघाईने चिवड्याची बशी पुढे करत असे.

खोटं नव्हतं ते, पण पुरतं खरंही नव्हतं. नात सातवी-आठवीत होती, पण शाळेत जात नव्हती. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या लेकीने तिला शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलं होतं. तिकडे ह्याला ‘होमस्कूलिंग’ म्हणतात आणि बरीच कुटुंबं ते करतात. पण आपल्याकडे ‘मुलीला शाळेतून काढलं’ ह्या वाक्याचा अर्थ एकच होतो. त्या वाक्याशी माझं जुनं वैर आहे. ते पुढे येईलच.

२०२४च्या जूनमध्ये लेकीचा फोन आला. “आई, ही आता नववीत. इथलं हायस्कूल नववीपासून धरतात. आखणी करताना मला घाम फुटलाय. तू ये.”

“अगं, मी येऊन काय करू? मला तुमचं ते बीजगणित थोडंच येतंय?”

“तू नुसती ये.”

लेक असं म्हणाली की आईने बॅग भरायची असते. ह्यांच्या गुडघ्यांना एवढा लांबचा प्रवास झेपणार नव्हता. तेव्हा ह्यांच्या डब्याची सोय शेजारी लावून, मेतकूट, गोडा मसाला आणि भाजणीच्या पुड्या बांधून मी एकटीच निघाले.

करड्या घोडागाड्यांचा मुलूख

लेकीचं घर पेनसिल्व्हानिया राज्यात, लँकेस्टर गावाबाहेर आहे. नेवार्कच्या विमानतळावरून मोटारीने अडीच-तीन तास लागतात. अमेरिका म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे ढगांत घुसलेल्या इमारती यायच्या. इथे पाहावं तो दोन्ही अंगांना मका! मधून मधून धान्याचे उंच गोल कोठार, गोठे आणि पांढरी घरं. आमच्या मिरज-सांगलीकडच्या मळ्यांतून चालल्यासारखंच वाटलं मला.

तेवढ्यात टापांचा आवाज आला. आमच्या मोटारीपुढे एक करड्या रंगाची, चौकोनी पेटीसारखी घोडागाडी चालली होती. आत दाढीवाले गृहस्थ, शेजारी डोकं झाकलेली बायको, आणि मागच्या खिडकीतून टकमक बघणारी दोन पोरं. जावई मुकाट्याने मागे मागे चालवत राहिले. हॉर्न नाही की काही नाही. हे आमिश लोक. मोटार बाळगायची नाही, घरात विजेची तार घ्यायची नाही, आपल्या जुन्या धर्मरीतीने शेती करून राहायचं, असा त्यांचा नेम.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सोमवार हा त्यांचा कपडे धुण्याचा दिवस. घराच्या भिंतीपासून दूरच्या उंच खांबापर्यंत कप्पीवरची दोरी, आणि तिच्यावर जांभळे, निळे, हिरवे, काळे कपडे एका रांगेत वाऱ्यावर फडफडताहेत! मैत्रिणींनो, परदेशात आल्याचं दडपण माझं तिथेच उतरलं. वाळत घातलेले कपडे दिसले की आपल्याला घर सापडतं, नाही का?

स्वयंपाकघरातलं हायस्कूल

नातीला शाळेतून का काढलं, हे मला फोनवर कधी नीट कळलं नव्हतं. ते आल्यावर कळलं. जावयांच्या बदल्यांपायी पाच वर्षांत पोरीच्या तीन शाळा झाल्या. तिसऱ्या शाळेत ती वर्गात बोलेनाशीच झाली. रोज सकाळी पोटात दुखायचं. डॉक्टरांना काही सापडेना. सुट्टीच्या दिवशी मात्र पोट अगदी ठणठणीत! शेवटी लेकीने आपली हिशेबनिशीची नोकरी अर्ध्या वेळेवर आणली आणि पोरीला घरी घेतलं. दोन महिन्यांत पोटदुखी गेली. वर्षभरात पोरगी पुन्हा हसू लागली.

मग आता घाम कशाचा? तर तिथल्या हायस्कूलची चार वर्षं, नववी ते बारावी, कॉलेजच्या प्रवेशाला धरली जातात. सातवी-आठवीत काय केलं हे पुढे फारसं कुणी विचारत नाही. नववीच्या पहिल्या दिवसापासून मात्र सगळं वहीला लागतं. शाळेतल्या मुलीचं प्रगतिपत्रक शाळा लिहिते. घरी शिकणाऱ्या मुलीचं आईने लिहायचं, आणि ते परक्यांनी खरं मानलं पाहिजे!

राज्याचा कायदा लेकीने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून समजावला. कायदा १९८८चा. दरवर्षी १ ऑगस्टच्या आत शपथपत्र करून शिक्षणखात्याच्या स्थानिक अधिकाऱ्याकडे द्यायचं. शिकवणारी आई वा बाप निदान हायस्कूल पास हवा. शपथपत्राबरोबर प्रत्येक विषयात वर्षभर काय साधायचं त्याची रूपरेषा जोडायची. वर्षाचे १८० दिवस, किंवा मोठ्या वर्गांना ९९० तास, अभ्यास झाला पाहिजे. मी हिशेब केला, दिवसाला साडेपाच तास पडतात. काय काय वाचलं त्याची पुस्तकांच्या नावांसकट रोजच्या रोज नोंद ठेवायची, लिखाणाचे नमुने जपायचे. वर्षअखेर बाहेरचा पात्र परीक्षक येतो. तो बहुधा शिक्षकच असतो. तो मुलीशी बोलतो, वही पाहतो आणि दाखला देतो. तो ३० जूनपर्यंत पोचता करायचा. पूर्वी ती वहीसुद्धा अधिकाऱ्याकडे नेऊन द्यावी लागे. २०१४ पासून दाखला पुरतो.

हायस्कूलच्या चार वर्षांचा हिशेब वेगळा. इंग्रजी चारही वर्षं. गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र तीन-तीन वर्षं. कला आणि तत्सम विषय दोन वर्षं. आणि विषयांच्या यादीत एक असा विषय, की मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. आग आणि तिच्यापासून बचाव! दरवर्षी, न चुकता.

“हा विषय माझ्याकडे दे,” मी म्हटलं. “चाळीस वर्षं गॅसपाशी उभी आहे मी.”

लेक हसली, पण लगेच पुन्हा कागदांत बुडाली.

रंगीत तक्ता

चार दिवस खपून तिने एक तक्ता तयार केला. सकाळी आठ ते दुपारी चार, पंचेचाळीस मिनिटांचे तास, आठ विषय, आठ रंग. भूमितीला निळा, जीवशास्त्राला हिरवा, इतिहासाला केशरी. जूनपर्यंतच्या सगळ्या आठवड्यांची पानं नेमलेली. तिचं अक्षर पहिल्यापासून सुरेख. तक्ता भिंतीवर लावला तेव्हा मलासुद्धा वाटलं, वा! काय कामाची पोर माझी!

नात आली. उभी राहून तिने तक्ता सबंध वाचला. मग मोडक्यातोडक्या मराठीत अगदी हळू म्हणाली, “छान आहे, आई. पण हे तुझं हायस्कूल आहे.” आणि अंगणात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पोटात दुखत होतं.

मैत्रिणींनो, लेकीचा चेहरा मी पाहिला. दोन वर्षं जिवाचं रान करून जे घालवलं, तेच तिच्या हातांनी परत आलं होतं. ती सिंकपाशी पाठमोरी उभी राहून भांडी घासत राहिली. घासलेलीच पुन्हा. मी काही बोलले नाही. आईने सल्ला देण्याची वेळ असते आणि नुसता चहा टाकण्याची वेळ असते. ही चहाची होती.

मंगळवारचा बाजार

मंगळवारी आम्ही तिघी लँकेस्टरच्या मंडईत गेलो. लाल विटांची ही देखणी इमारत १८८९ची. मंगळवार, शुक्रवार आणि शनिवार असे बाजाराचे वार. आत टोमॅटो, पीच, चीज, गुंडाळलेले खारे प्रेटझेल, बाटल्यांतून भरलेली लोणची. आणि भाव विचारायला माझी जीभ नुसती शिवशिवत होती!

भाजीच्या एका गाळ्यावर आमिश पोरगी होती. नातीच्याच वयाची असेल. तिने आमचा हिशेब तोंडी केला, सुटे पैसे अचूक दिले, पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. नात तिच्याकडे बघतच राहिली.

“ही शाळेत जात नाही?” मी विचारलं.

लेकीने सांगितलं की आमिश मुलं एका खोलीच्या शाळेत आठवीपर्यंतच शिकतात. त्यांना पुढे हायस्कूलला सक्तीने धाडता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली दिला. खटला विस्कॉन्सिन राज्यातला, पण उपयोगी पडला सगळ्यांनाच. इकडे पेनसिल्व्हानियात त्यांनी त्याच्या आधीच एक तोड काढली होती. आठवीनंतर पंधरा वर्षांची होईपर्यंत मुलांनी आठवड्यातून तीन तास वर्गाला यायचं. बाकी वेळ शेतात नाहीतर घरात काम शिकायचं आणि केलेल्या कामाची रोजवही लिहायची.

“म्हणजे तिलाही वही आहे!” नात म्हणाली.

“पण तिची वही कॉलेजपाशी जात नाही,” लेक म्हणाली. “तिचा रस्ता ठरलेला आहे. तुझा नाही. दार उघडं राहावं म्हणून तर हा सगळा खटाटोप.”

बोलणं बरोबर होतं. पण नातीच्या डोळ्यांपुढे ती हिशेब करणारी पोरगी होती. तिला काम सोपवलं होतं, आणि मग तिच्या हातावर कुणी हात ठेवलेला नव्हता.

फिलाडेल्फियाचा बाक

त्याच आठवड्यात आम्ही आगगाडीने फिलाडेल्फियाला गेलो. सव्वा तासाचा प्रवास. पहिला अर्धा रस्ता शेतांतून जातो. पेनसिल्व्हानियाचा इतिहास हा कायद्याने नेमलेला विषय. तेव्हा १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ साली राज्यघटना जिथे मंजूर झाली ते इंडिपेंडन्स हॉल आधी पाहिलं. मग मी म्हटलं, आता माझा इतिहास. ह्या गावात आपली एक बाई शिकून गेली.

बाकावर बसून मी नातीला आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगितली. १८६५चा जन्म. नवव्या वर्षी लग्न. नवरा, गोपाळराव, टपालखात्यात नोकरीला आणि वयाने वीसेक वर्षांनी मोठा. त्याला बायको शिकवायचं वेड. घरीच शिकवलं तिला. अभ्यास सोडून स्वयंपाकात रमली तर मारसुद्धा खाल्ला तिने. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर नीट उपचार मिळाले नाहीत हे तिच्या मनाला लागलं. तिथून डॉक्टर व्हायचं हे तिचं स्वतःचं झालं. १८८३ साली अठराव्या वर्षी ती एकटी अमेरिकेला आली. इथल्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजातून १८८६ साली पदवीधर झाली. दुसऱ्याच वर्षी पुण्यात वारली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

ते कॉलेज आता स्वतंत्र राहिलेलं नाही. त्याचा ठेवा ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. नातीने फोनवर तिथला १८८५चा फोटो शोधून काढला. साडी नेसलेली आनंदीबाई, किमोनोतली जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबुली, तिघी ओळीने. नात फोटो बोटांनी मोठा करून करून बघत होती.

“चौदा म्हणजे माझ्याएवढी,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “तिला आधी कुणी विचारलं होतं का, तुला शिकायचंय का?”

ह्याचं उत्तर माझ्यापाशी ‘नाही’ एवढंच होतं. मी तिला दुसरी गोष्ट सांगितली. आनंदीबाईंच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांना संस्कृत शिकवलं त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी. पुढे वणवण यात्रा करत असतानाही ते शिक्षण चालूच राहिलं. घरी शिकलेल्या दोन मराठी बायका, त्या दिवशी ह्या गावात एका सभागृहात होत्या. नात गप्प झाली. तिच्या आईने मात्र पर्समधून वही काढली आणि तारीख घालून लिहिलं, ‘इतिहास, सहा तास’. मला हसू आलं. हिशेबनीस ती हिशेबनीसच.

परतीच्या गाडीत मी तिसरी गोष्ट सांगितली. ती मात्र मी फारशी कुणाला सांगत नाही.

मी नववी झाले आणि आई अंथरुणाला खिळली. धाकटी तीन भावंडं. वडील म्हणाले, “आता हिला शाळेतून काढलेलं बरं.” काढली. १९७६ साली लग्न झालं. सासरी कुणी वाईट नव्हतं, पण चार बायका जमल्या की “आमची सून नववी” असं म्हटलं जायचं आणि मी भाकरीचं पीठ उगाच जास्त मळत बसायची. लेक पोटात असताना मी ठरवलं, बाहेरून परीक्षेला बसायचं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने वर्ष आखलं. सणवार सोडून द्यायचे. उन्हाळ्यात पापड-कुरडयांचे पंधरा दिवस सोडून द्यायचे. बाळंतपणाचे दोन महिने कोरे. उरलेल्यात गणित पहाटे, कारण तेव्हा घर झोपलेलं. इतिहास दुपारी, भाजी निवडताना. १९८०च्या मार्चमध्ये पेपर दिले. सहा महिन्यांची लेक शाळेच्या व्हरांड्यात सासूबाईंच्या मांडीवर. सासूबाई स्वतःहून आल्या होत्या, बरं का!

“तुला कुणी सांगितलं होतं असं आखायला?” नातीने विचारलं.

“कुणी नाही. म्हणून तर पार पडलं.”

समोरच्या बाकावर लेक खिडकीबाहेर बघत होती. तिला ‘आई बाहेरून पास झाली’ एवढंच ठाऊक होतं. व्हरांड्यातलं ते बाळ आपण, हे तिच्या आत्ता ध्यानात येत असावं. तिने डोळे टिपले आणि काहीच बोलली नाही.

पेन्सिलीने आखलेलं वर्ष

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरचा तक्ता खाली आला होता. टेबलावर एक कोरा कागद, पेन्सिल आणि खोडरबर. लेकीने पेन्सिल नातीच्या हातात दिली. मी भाजणीची थालीपिठं लावायला घेतली. त्या दिवशी दुपारपर्यंत जी आखणी झाली, ती सांगते.

आधी चार वर्षांची चौकट, एकाच कागदावर. कायद्याने काय हवं ते आईने सांगितलं, कुठल्या वर्षी काय ते मुलीने लिहिलं. बीजगणिताचा पहिला भाग आठवीत झाला होता, म्हणून नववीत भूमिती. विज्ञानात जीवशास्त्र. एका विषयाचे वर्षाला साधारण १२० तास धरतात, म्हणजे एक ‘क्रेडिट’ होतं.

मग दिवसाची. सकाळी डोकं लागणारे तीनच विषय, एकापाठोपाठ, घड्याळाकडे न बघता. दुपारी वाचन आणि लेखन. रोज एक तास कोरा. त्यात काय करायचं ते तिचं ती ठरवणार आणि आईने विचारायचं नाही. ह्या कोऱ्या तासासाठी लेकीच्या तोंडून ‘बरं’ निघायला पाऊण तास लागला. पण निघालं!

एकटं सगळं शिकवता येत नाही, हेही कागदावर आलं. जीवशास्त्राचे प्रयोग गुरुवारी, आसपासच्या घरी शिकवणाऱ्या आयांच्या गटात. त्यात एक बाई पूर्वी विज्ञान शिकवायच्या. कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली, पावाचं यीस्ट, ओढ्याच्या पाण्यातले किडे. सरकारी शाळेच्या बँडमध्ये घरी शिकणाऱ्या मुलांना २००६ पासून जाता येतं. तिथे बासरी वाजवायला जायचं नातीने स्वतःहून लिहिलं. जी शाळेत बोलत नव्हती तिने! लेक आणि मी एकमेकींकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर दोघींनाही रडू आलं असतं.

आता गुणांचा प्रश्न. आईने दिलेले गुण परका कसे मानणार? त्यावर तोडगा असा की प्रत्येक विषयात काय वाचलं, काय केलं, कशावरून गुण दिले, हे एका पानावर त्या त्या महिन्यातच लिहून ठेवायचं. पुढे एक-दोन विषय बाहेरच्या कॉलेजात करायचे, म्हणजे आईच्या गुणांना साक्षीदार मिळतो. महिन्याच्या महिन्याला लिहिण्यावर माझा जोर. गोड्या मसाल्याचं प्रमाण केलं त्याच दिवशी लिहिलं नाही, तर पुढच्या वर्षी धणे किती घेतले होते ते आठवत नाही. चार वर्षांनी बसून लिहायचं म्हटलं तर कुणाला आठवणार?

परकी भाषा कुठली घ्यायची? कॉलेजं बहुधा एकच भाषा निदान दोन वर्षं केलेली पाहतात. लेक स्पॅनिश म्हणाली. नात माझ्याकडे बघून म्हणाली, “मराठी चालेल का? वाचायला येत नाही मला. आजी शिकवेल. दर रविवारी, फोनवर.” हातातलं थालीपीठ करपलं माझ्या.

शपथपत्र १ ऑगस्टच्या आत, नोटरीसमोर सही होऊन, पोचतं झालं. रूपरेषेवरून पुढे वर्षाचा निकाल लावत नाहीत, असं कायद्यातच आहे. तेव्हा ठरवलेलं सगळं झालंच पाहिजे असा धाक नको, हे मी लेकीला दोनदा सांगितलं.

हे सगळं सोपं आहे का?

मुळीच नाही. लेकीची अर्धी कमाई गेली. दिवसभर आई आणि मास्तरीण एकाच देहात राहतात, दोघींना सुट्टी नाही. नातीला मैत्रिणी आहेत, पण आयांनी एकमेकींना फोन करून जमवलेल्या. मधल्या सुट्टीत हातात हात घालून फिरणाऱ्या मैत्रिणीची सर त्यांना नाही, हे नातच म्हणाली. शाळा मानवणाऱ्या मुलीला घरी बसवण्यात काही शहाणपण आहे असं मला वाटत नाही. आणि परतल्यावर कुणी आपल्या मुलीला शाळेतून काढायला निघाली तर तिने माझं नाव सांगू नये!

पण एखादीचं पोर खरंच शाळेत कोमेजत असेल, आजारपणाने, बदल्यांनी, कशानेही, तर दार एकच नसतं हे ठाऊक असावं. आपल्याकडेही १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. तिथे चौदा वर्षं पुरी झालेल्या मुलांना दहावीसाठी नाव घालता येतं. आणि घरी असो की शाळेत, नववीचं वर्ष आलं की पेन्सिल मुलाच्या हातात द्यावी आणि खोडरबर आपण लपवून ठेवू नये, एवढं मी तिकडून शिकून आले.

निघायच्या आदल्या दिवशी मी माझा विषय पुरा केला. कढईतलं तेल पेटलं तर पाणी कधीही ओतायचं नाही. गॅस बंद करायचा, वरून घट्ट झाकण ठेवायचं, कढई हलवायची नाही, गार होईपर्यंत झाकण उघडायचं नाही. नातीने तीनदा करून दाखवलं. अर्थात गार कढईवर! मग वही घेऊन लिहिलं, ‘आगीपासून बचाव. शिक्षिका – आजी.’

भिशीत परवा पुन्हा प्रश्न आला, “नात कितवीत हो आता?”

“नववीत,” मी म्हटलं. “घरीच शिकते. दर रविवारी माझ्याकडे मराठी असतं तिचं. मीसुद्धा घरीच शिकले होते, तुम्हाला सांगायचं राहिलं.”

दोघी-तिघींच्या बशा हातातच राहिल्या. मग पलीकडच्या एक वहिनी खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाल्या, “आमच्या नातवाचंही पोट रोज सकाळी दुखतं हो. जरा सांगा बघू सगळं.”